शालनबाईंचं वाळवंट

शालन कांबळे बाईंनी आमच्या निपाणीच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यांच्या तासाला वर्गातली खुर्ची फक्त वह्यांचा गठ्ठा ठेवायच्या उपयोगाची असायची. बाई फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत सारख्या चालत राहायच्या आणि वर्गभर मुलांच्या माना त्यांच्यामागं फिरायच्या. चहा उभ्यानं. शिक्षकांची मीटिंग दाराच्या चौकटीला टेकून, आणि तीही निम्मी. एसटी एखाद्या स्टँडवर दहा मिनिटं थांबणार असं कळलं की त्या खाली उतरून पुढच्या थांब्याकडं चालू लागायच्या. एकदा संकेश्वरला अशाच पुढं गेल्या. मागून गाडी आली, बाईंनी हात केला, पण आत गर्दी आणि कंडक्टर 'मुंदं होग्री, मुंदं होग्री' म्हणत माणसं पुढं सरकवण्यात गुंतलेला. गाडी निघून गेली. पिशवी गाडीत आणि बाई रस्त्यावर. पिशवी त्यांच्याआधी निपाणीला पोचली.

कुणी 'बसा की बाई' म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बसून काय उगवतंय?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. मूळची कडोलीची. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याच गल्लीत खोली घेतली, म्हणून शाळेत त्या माझ्या 'बाई' आणि गल्लीत 'आक्का'. त्या मला पहिल्या दिवसापासून वैजू म्हणत. त्यांचे यजमान पोस्टात होते, अतिशय शांत माणूस. ते म्हणायचे, घरात एक घड्याळ चालू असलं की दुसऱ्यानं बंद राहिलेलं बरं. ते गेले, लेक लग्न होऊन सोलापूरला गेली, तेव्हापासून बाईंच्या येरझाऱ्यांना घर पुरेना. सकाळी साडेपाचला तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायच्या आणि येताना माझ्या दारावर थाप मारायच्या, मला काही काम असो वा नसो.

बाई जाऊन आता दीड वर्ष होईल. सोलापूरला लेकीकडंच गेल्या, झोपेत. आठवणी खूप आहेत, पण मला सांगायचं आहे ते वाळवंटाचं.

नववीला वाळवंटाचा धडा होता, आणि बाईंचा तो धडा शाळेत गाजलेला होता. दुसऱ्या वर्गातली पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं व्हरांड्यात येऊन ऐकायची. मीही ऐकला आहे. आधी बाई खडू न उचलता फळ्यावर भारत काढायच्या. काश्मीरपासून सुरुवात, कच्छवरून खाली, कन्याकुमारीला वळण आणि परत वर. मग डावीकडं वरच्या अंगाला तळहात टेकवायच्या. "हे वाळवंट. हे मी बघितलंय. चारी बाजूला नुसती वाळू. पाऊल टाकलं की पाय गुडघ्यापर्यंत आत. झाड नाही, पाखरू नाही, माणूस नाही. आपण हाक मारली तर ती ऐकणारं कोणी नाही." एवढं बोलून त्या थांबायच्या. त्यांचं थांबणं इतकं दुर्मीळ की वर्ग गप्प व्हायचा. खरंच लांब कुठंतरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली असताना एक दिवस मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एक गृहस्थ आले. चाळिशीतले, केस बारीक कापलेले, हातात पेढ्यांचा पुडा. बाईंच्या पाया पडले. मारुती नाव. बाईंच्या अगदी पहिल्या वर्गातला विद्यार्थी, आता फौजेत हवालदार. शेवटची बदली जैसलमेरकडं झाली होती, तिथून रजेवर आला होता. बाईंना फार आनंद झाला. आम्हा सगळ्यांना त्यांनी तो दाखवला, जणू नकाशावरची जागा दाखवतायत.

पेढे वाटून झाल्यावर मारुती अगदी सरळ मनानं म्हणाला, "बाई, तुमी सांगितलासा तसं न्हाय वो तिथं. गवत हाय. झाडं हाईत. माणसं हाईत, शेरडं हाईत, शाळासुदिक हाईत. तुमी कुठल्या बाजूला गेलतासा?"

बाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला."

मारुतीनं मान हलवली. असंल, म्हणाला. चहा पिऊन गेला. बाईंनी त्या दिवशी पुढचे दोन तास घेतले, पण खिडकीपाशी जाऊन परत फळ्याकडं यायचं विसरत होत्या. त्या वर्षापासून त्यांनी धड्यातलं 'हे मी बघितलंय' हे वाक्य गाळलं. माझ्या ते लक्षात आलं. त्याचं कारण मी विचारलं नाही.

निवृत्तीचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, नाताळच्या सुट्टीत माझ्याबरोबर चल, वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात एक लॉज आहे, तिथं राहायचं. लेकीनं फोनवरून चार दिवसांचं बुकिंग केलं आहे.

मी म्हटलं, "आक्का, पुन्हा जाणार तुम्ही?"

"पुन्हा न्हाय," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बाकीचं त्यांनी गाडीत सांगितलं. बेळगावहून जोधपूरची गाडी, दोन दिवसांचा प्रवास. बाई त्यातला निम्मा वेळ डब्याच्या दाराशी उभ्या. मिरज गेल्यावर मी चहा घेऊन दाराशी गेले तेव्हा बाहेर बघतच बोलल्या. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. कायम करायचं की नाही ते ठरायचं होतं. मागच्या बाकावर हेडसर वही घेऊन बसलेले. वर्गात चांगल्या खात्यापित्या घरातली पोरं, त्यांना कांबळे आडनावाच्या बाईचं शिकवणं ही एक गंमत वाटत होती. आणि मारुतीनं हात वर करून विचारलं, बाई, तुम्ही बघितलंय का वाळवंट?

"ज्यांच्या घरात चार पिढ्या शाळा शिकल्या ना वैजू, त्यांना 'माहीत न्हाय' म्हणता येतंय. कोण हसत न्हाय त्यास्नी. मी घरातली पहिली. मला परवडत न्हवतं ते. व्हय म्हणून गेले. आणि एकदा व्हय म्हटल्यावर सांगावं लागलं काय बघितलं ते. ते दरवर्षी वाढत गेलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. चहा संपवून त्या पलीकडच्या दाराशी गेल्या.

जैसलमेरहून जीपनं तासाभरावर ते लॉज. उद्यानाच्या आतच. मातीनं लिंपलेल्या सहा गोल खोल्या, वर गवताची उतरती छपरं, भिंतींवर चुन्याची नक्षी, भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि मधे पाण्याची टाकी. पाणी टँकरनं यायचं, म्हणून अंघोळीला माणशी एक बादली. खेताराम नावाचे पन्नाशीचे गृहस्थ सगळं बघत होते. लाल फेटा, हळू बोलणं. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की कुंपणाबाहेर पायी जायचं नाही. माळढोक पक्षी आता मोजकेच उरलेत, माणूस दिसला की बुजतात. शिवाय अनोळखी माणसाला इथं दिशा कळत नाही.

बाईंनी खोलीत पिशवी टाकली आणि कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून गेले. समोर वाळू अशी नव्हतीच. भुरकट जमीन, तिच्यावर कमरेएवढं पिवळं गवत, मधे मधे केरची काटेरी झुडपं, रुई, लांब एक खेजडीचं झाड आणि त्याखाली शेळ्या. उन्हाळ्यात निपाणीहून चिकोडीकडं जाताना माळ दिसतो, बराचसा तसा. एक चंडोल उडत वर गेला आणि ओरडत राहिला.

बाईंनी खेतारामना विचारलं, वाळू कुठं आहे? ते म्हणाले, टेकड्या पलीकडं आहेत, दहा-बारा किलोमीटरवर. सगळे टुरिस्ट तिकडंच जातात, उंटावर बसतात, फोटो काढतात. बाकी वाळवंट हे असंच.

"हे असंच," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमेना. मला त्या जागेत मोकळं वाटत होतं. सकाळची थंडी, चुलीवरची बाजरीची रोटी, कढी आणि नजर अडवणारं काही नाही. बाई मात्र कुंपणाच्या आत गोल गोल चालत होत्या. मातीत त्यांची पायवाट पडली. दुसऱ्या दिवशी जीपमधून आत फिरायला नेलं, तर चिंकारा दिसल्याबरोबर बाई दार उघडून खाली उतरल्या. चिंकारा पळाला, ड्रायव्हर चिडला. बाई म्हणाल्या, खुरांचे ठसे बघायचे होते, जमीन किती घट्ट आहे ते कळतं. गुडघा सोडा, घोटासुद्धा आत जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीसमोरच्या कट्ट्यावर ऊन खात बसले होते. बाईंच्या माझ्यासमोरून दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील. मी म्हटलं, "आक्का, बसा की जरा एका जागी. तुम्हांला नसलं बसायचं तर मला तरी बसू द्या." माझा आवाज चढला होता. बाईंनी जेवताना एकच रोटी खाल्ली. जेवण झाल्यावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि त्यांचे बूट जागेवर नव्हते.

कुंपणाच्या आत नाहीत, स्वयंपाकघरात नाहीत, टाकीमागं नाहीत. मोबाईलला रेंज नव्हती. खेताराम फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि शांतपणे म्हणाले, बाहेर गेल्यात. पाण्याची बाटली घेतली, दुसरी माझ्या हातात दिली आणि आम्ही ठशांवरून निघालो. साठीला आलेली बाई, डोक्यावर ऊन, आणि सकाळी मी असं बोललेली. त्यांच्या लेकीला काय सांगू, एवढंच माझ्या मनात फिरत होतं. मी सारखी हाका मारत होते. खेताराम म्हणाले, ओरडू नका, दम जाईल. मग ठशांकडं बोट करून म्हणाले, "बघा, कुठं रेंगाळल्या नाहीत. फिरायला आलेला माणूस दहा ठिकाणी थांबतो. ह्या कुणाच्या तरी घरी निघाल्यासारख्या गेल्यात."

घोटाएवढ्या काट्यांतून तासभर चाललो. एका ठिकाणी बाईंच्या ठशांशेजारी शेळ्यांचे खूर आले आणि एक अनवाणी पाऊल आलं. खेतारामांनी तिथं पहिल्यांदा श्वास सोडला. "मिळाल्या," म्हणाले.

पुढं चार-पाच घरांची एक ढाणी होती. अंगणात सात-आठ बायका, पोरं, आणि मधे आमच्या बाई. साडीचा काठ काट्यांनी फाटलेला, एका पायाला फडकं बांधलेलं, हातात ताकाचा पितळी पेला. वाट चुकून भोवळ आली होती. शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं हाताला धरून आणलं होतं. मला बघून त्या गोंधळल्या नाहीत, ओशाळल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. मला रडू यायला लागलं तर म्हणाल्या, "थांब गं. ऐक. ह्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, शाळेत तुमचा मुलूख शिकवायचे. तर म्हणाल्या, काय सांगता आमच्याबद्दल?"

"मग?"

"खरं सांगितलं. म्हटलं, हितं कोण राहत न्हाय म्हणून सांगायचे."

बायका त्यावर इतक्या हसल्या होत्या की अजून हसतच होत्या. ती म्हातारी ओढणीनं डोळे पुसत पुन्हा एकदा आम्हांला दाखवू लागली. अंगणातल्या एकेकाकडं बोट करून ती तिच्या बोलीत म्हणत होती, ही कुणी नाही, हा कुणी नाही, ती पाळण्यातली कुणी नाही, ही शेळी पण कुणी नाही. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाली, मीही कुणी नाही. बाई तिच्याकडं बघत होत्या. हसत नव्हत्या. निघताना बाईंनी वाकून तिच्या पायांना हात लावला. म्हातारी मागं सरकली.

लॉजची जीप आम्हांला शोधत मागून आली, तिच्यात मी सकाळच्या बोलण्याची माफी मागितली. कुठलं बोलणं, म्हणाल्या. लॉजवर आल्याबरोबर त्या पिशवी भरायला लागल्या. अजून एक दिवस बाकी होता. खेतारामनी मला शब्द दिला होता की उद्या पहाटे माळढोक दाखवतो, कुठं येतो ते मला माहीत आहे. मी बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू राहा. मला जायला पाहिजे." त्यांना एकटीला सोडणं शक्य नव्हतं. मी माळढोक बघितला नाही, आजतागायत नाही.

शाळा उघडली तशा त्या हेडसरांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि नववीचा एक तास मागितला. हे नवे हेडसर, बाईंचेच विद्यार्थी. त्यांना वाटलं, प्रवासवर्णन सांगणार असतील. मी मागं उभी होते. बाईंनी नकाशा काढला नाही. चालत चालतच सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं ह्या वर्गात मी वाळवंट बघितलंय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. आता बघून आले. तिथं गवत आहे, तिथं माणसं आहेत, ती माणसं आपल्याला हसतात. पोरांना ह्यातलं किती कळलं देव जाणे. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मग परीक्षेत काय लिहायचं, बाई?"

बाई चालायच्या थांबल्या. म्हणाल्या, "पुस्तकातलं लिही. मार्क पडले पाहिजेत. मोठी झालीस की जाऊन बघ, आणि पुस्तक चुकलं असलं तर पुस्तकवाल्यांना पत्र लिही." मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, हिला मी बरोबर सांगितलं का गं? पुढचे आठ दिवस रोज हाच प्रश्न.

एका वर्गावर त्यांचं समाधान झालं नाही. जुने विद्यार्थी शोधत त्या हिंडू लागल्या. नंदगडला एकाचं औषधांचं दुकान होतं. त्याला गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं, तर तो म्हणाला, वाळवंटाचं काय आठवत नाही बाई, तुम्ही हातावर मारलेली पट्टी तेवढी आठवते. आमच्या कडोलीच्या साहित्य संमेलनाला माझ्याबरोबर आल्या होत्या, तिथं एक विद्यार्थिनी भेटली. बाईंनी अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच तिच्या कानात सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. ती विद्यार्थिनी म्हणाली, अहो बाई, असू द्या की, कोण धरून बसलंय ते. कुणीच धरून बसलं नव्हतं. ह्याचाच बाईंना जास्त त्रास होत होता. म्हणायच्या, एवढं घसा फोडून शिकवलं आणि कुणाच्या ध्यानात न्हाय.

मारुतीकडं जायचं मात्र त्या टाळत होत्या. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, चला. तो निवृत्त होऊन बेळगावजवळ पिरनवाडीत राहत होता. नवं घर, वरचा मजला अजून विटांचाच. एका बँकेत दिवसपाळीला गार्ड होता. त्याच्या बायकोनं चटई अंथरली. मी बसले, मारुती बसला. बाई उभ्याच.

"मारुती, मी वाळवंट बघितलं नव्हतं. तू वर्गात विचारलंस तवा खोटं बोलले. रजेवर आलास तवा परत बोलले."

"ठावं हाय बाई."

"कवापासनं?"

"तिथं ट्रकमधनं खाली उतरलो तवापासनं. मग रजेत आलो, तर तुमी दुसरी बाजू म्हणालासा. म्हटलं असू दे, असंल दुसरी बाजू." त्यानं चटईचा काठ हातानं सरळ केला. "पर एक सांगू का? तुमची आई न् माझी आई वखारीत एका रांगंला बसायच्या, तंबाखू निवडायला. तुमी कुठल्या घरातल्या हे वर्गात मला एकट्यालाच ठावं होतं. तुमी बघितलंय म्हणालासा, तवा मला वाटलं, वखारीतल्या बाईची पोर तिथवर जाऊन आली. मग मी का न्हाय जाणार? मी भरतीला गेलो ते त्याच्यावर."

बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"म्हंजे मी खोटं बोलले ते बरं झालं म्हणतोस?"

"तसं न्हवं बाई."

"मग कसं?"

बायकोनं चहा आणला म्हणून तो सुटला. निघताना तो बाईंच्या पाया पडायला वाकला, तर बाईंनी त्याचे दंड धरून त्याला वर केलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या.

परत येताना सिटी बसमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. हो, बसल्या होत्या. म्हणाल्या, "खरं सांगून हलकं वाटंल म्हणून आलते. हे आणि जड झालं." बस रेल्वे फाटकाशी थांबली. फाटक उघडलं तशा पुन्हा बोलल्या. "बघ वैजू, वाळवंट मी बघितलं न्हवतं, ते एकतीस वर्षं शिकवलं. वखार बघितली होती. जल्माला आल्यापासनं बघितली होती. ती एकदाबी शिकवली न्हाय."

त्यांच्या आईची वखार बरीच वर्षं बंद होती. पत्रे गंजलेले, भिंतीतून पिंपळ उगवलेला. त्याच महिन्यात ती पाडली आणि जागा सपाट केली. फ्लॅट होणार होते. एका गुरुवारी बाई शाळेत आल्या आणि पीटीच्या सरांकडून मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की दोन पोती मागून घेतली. जाताना मला म्हणाल्या, शनिवारी अर्धी शाळा सुटली की नववी घेऊन वखारीच्या जागेवर ये. मी म्हटलं, चाचणी परीक्षा तोंडावर आहे, बघू. "बघू न्हवं," म्हणाल्या. "ये. सोमवारी पाया खणणार हाईत."

मी मुलांना घेऊन गेले. सपाट केलेल्या मोकळ्या जागेवर बाईंनी फक्कीनं सगळी वखार काढली होती. चार भिंती, दोन दारं, आत बायकांच्या बसायच्या लांबच लांब रांगा, ढिगाची जागा, वजनकाट्याची जागा. वखारीत काम केलेल्या तीन म्हाताऱ्या त्यांनी गोळा करून आणल्या होत्या. त्या एका कडेला उकिडव्या बसून रेष चुकली की सांगत होत्या. जमिनीत अजून तंबाखूची धूळ होती. मुलं शिंकायला लागली, तशा म्हाताऱ्या हसल्या. बाई कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. त्या मुलांना रांगांमधून चालवत होत्या. हितं माझी आई बसायची. हितं मारुतीची आई. ह्या खांबाला झोळी बांधायचे, हिच्यात मी झोपायचे. हितं बायका खोकायला बाहेर यायच्या, कारण आत खोकलं की मुकादम ओरडायचा. त्यांचा आवाज वाळवंटाच्या धड्यासारखा चढत-उतरत नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं सांगत होत्या. मुलं काही विचारत होती, म्हाताऱ्या उत्तरं देत होत्या आणि एका म्हातारीनं बाईंना मधेच खोडून काढलं की तुझी आई तिथं न्हाय गं, आणि दोन हात पलीकडं. बाईंनी पायानं रेष पुसली आणि दोन हात पलीकडं नवी मारली.

पुढच्याच आठवड्यात लेक येऊन त्यांना सोलापूरला घेऊन गेली. त्यामुळं ते माझं शेवटचं बघणं ठरलं.

तासाभरानं मी मुलांना रांगेत लावून निघाले. रस्त्याच्या कडेला जेसीबी येऊन थांबला होता. मालकानं सोमवारच्या आधीच पाठवला असावा. वळणावर मी मागं बघितलं, तर बाई त्याच्या ड्रायव्हरशी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते तिथपर्यंत ऐकू आलं नाही. त्यानं मशीन बंद केलं. खाली उतरला, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि पांढऱ्या रेषेत जिथं दार सोडलं होतं तिथून आत गेला.